पाट्यापासून सुरी: बेळगाव भागात छंद म्हणून लोहारकाम कसे शिकावे

सुरी हे लोहारकामातले पहिले काम नव्हे. व्हिडिओ पाहून भट्टी पेटवणारे बहुतेक जण थेट सुरीला हात घालतात आणि पहिले पाते वाकडे झाले की छंदही तिथेच विझतो. आधी सळीचा हूक, मग खुरपे आणि त्यानंतर सुरी, हा क्रम धरावा. बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी या पट्ट्यात राहणाऱ्याला लागणारे जवळपास सगळे हाताशी आहे. ऊस आणि भाताच्या शेतीमुळे कोयते-विळे घडवणारे लोहार अजून कामात आहेत, आणि उद्यमबाग-मच्छे भागातल्या मशीन शॉपमुळे पोलादाचे चांगले तुकडे भंगारात मिळतात. पैसे घालायचेच तर डोळ्यांच्या गॉगलवर घाला. बाकीचे जुळवता येते.

आधी लोहाराकडे बसा

जायची वेळ मात्र पाहून जा. मृगाच्या आधी शेतकऱ्यांची खुरपी-कुदळींसाठी रांग असते आणि ऊसतोडणी सुरू होताना कोयत्यांची. त्या दिवसांत तुमच्याशी बोलायला कोणाला फुरसत नसते. भाताची लावणी उरकली की जरा सैल पडते, तेव्हा जा. “मामा, जरा बसू का? घण मारायला लागला तर सांगा,” एवढी ओळख पुरते, समोरचा कन्नड बोलणारा असेल तर “अण्णा” म्हणा. आपला पाटा (गाडीच्या स्प्रिंगची पोलादी पट्टी), आपला कोळसा घेऊन जा आणि त्याच्या वेळेचे पैसे आधीच ठरवा. शिकणारा म्हणून फुकट बसणे बरे नाही.

हातोडा कसा फिरतो याकडे सगळेच बघतात. त्याऐवजी तो थांबतो केव्हा ते बघा. कोणत्या रंगावर लोहार लोखंड पुन्हा आगीत सारतो, हे अर्धे शिक्षण आहे. रस्त्याकडेला पाल ठोकून बसलेल्या घिसाडी कुटुंबात घण बऱ्याचदा बाई मारते आणि पुरुष छोट्या हातोड्याने पुढचा घाव कुठे पडायचा ते दाखवतो. तिथे दहा मिनिटे उभे राहिलात तरी दोन हातोड्यांचा ताल कळतो.

ऐरण, भट्टी, हत्यारे

नवी ऐरण विकत घेऊ नका. स्वस्तातली बहुतेकदा बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची असते आणि बीड घावाने फुटते. बेळगावात ओतकामाचे कारखाने भरपूर, त्यामुळे भंगारवाल्याकडे बिडाचे जड, देखणे ठोकळे दिसतील. त्यांना भुलू नका. जाड शाफ्टचा वीस-तीस किलोचा तुकडा घ्या, लाकडाच्या ओंडक्यात उभा बसवा आणि वरचे तोंड घासून सपाट करा. उभे राहून मूठ खाली सोडल्यावर ती जिथे येते, तीच ऐरणीची उंची. रुळाचा तुकडाही उत्तम, पण पावतीशिवाय घेऊ नका. रेल्वेची मालमत्ता बेकायदा बाळगण्याबद्दल १९६६चा स्वतंत्र कायदा आहे.

भट्टीसाठी जुने लोखंडी घमेले चालते. आतून माती, वाळू आणि राख यांचा जाड लेप द्या, पूर्ण वाळू द्या, आणि बाजूने दीड इंची साध्या लोखंडी नळीतून हवा सोडा. जस्त चढवलेली जीआय नळी आगीजवळ नको, कारण जस्ताच्या धुराने थंडी वाजून ताप भरतो. हवेला छोटा ब्लोअर पुरतो, मात्र ती कमी-जास्त करायची सोय हवीच. शिकताना लोणारी कोळसा बरा: धूर कमी, आग स्वच्छ. दगडी कोळसा स्वस्त पडतो, पण शेजारी बोलायला येतात. भट्टी उघड्यावर किंवा चारी बाजूंनी मोकळ्या शेडमध्येच पेटवा. बंद खोलीत कोळशाचा वायू वास न येता माणूस मारतो.

हातोडा एक किलोच्या आतला. सुती कपडे, चामडी बूट, डोळ्यांवर गॉगल, जवळ वाळूची बादली. नायलॉनचा शर्ट ठिणगीने अंगाला चिकटतो. हातोड्याच्या हातात मोजा घालू नका, पकड सुटते. सांडशीची घाई नाही, सुरुवातीला दोन फूट लांब सळी घेतली की दुसरे टोक हातातच राहते.

पहिला हूक, मग खुरपे

१० मिलिमीटरची साधी गुळगुळीत सळी घ्या. सळीचे टोक नारिंगी होऊ द्या आणि ऐरणीच्या कडेवर निमुळते करा. गोल सळी गोलच ठोकत निमुळती करायला गेलात तर ती आतून चिरते. आधी चौकोनी करा, मग आठ कोनांची, शेवटी गोल. रंग मंद लाल झाला की थांबा. पांढरट होऊन ठिणग्या फुटू लागल्या तर लोखंड जळले. तेवढा भाग कापून टाकायचा. सळी कोळशाच्या ढिगाच्या मध्यावर ठेवा. नळीच्या तोंडाशी ठेवली तर हवा तिला खाते आणि काळे पापुद्रे सुटतात.

हूक मनासारखे वाकू लागले की खुरप्याकडे वळा. पाते पसरवणे आणि कडेला पातळ करणे, सुरीला लागणाऱ्या या दोन्ही गोष्टी खुरप्यात येतात आणि थोडे वाकडे झाले तरी तण निघतेच.

पोलाद कुठले?

साध्या सळीची सुरी होत नाही. तिच्यात कार्बन ०.२ टक्क्याच्या आसपास असतो, कितीही पाणी द्या, म्हणजे तापवून एकदम पाण्यात किंवा तेलात विझवा, ती मऊच राहते. गाडीचे पाटे नवशिक्याला सर्वांत सोयीचे. त्यांत कार्बन अर्धा टक्का किंवा थोडा जास्त असतो आणि ते तेलात कडक होतात. ट्रकचा पाटा जाड, ठोकून ठोकून हात भरून येतो. जीप-टेम्पोचा पातळ पाहा. जुन्या कानसीत कार्बन एक टक्क्याच्या वर जातो, धार झकास, पण ती चटकन तडकते, म्हणून पुढच्या टप्प्यावर. क्रोमचा मुलामा असलेले काहीही तापवू नका.

भंगारातल्या पाट्यावर विश्वास ठेवण्याआधी त्याचा बोटभर तुकडा कापा, नारिंगी तापवून तेलात विझवा आणि व्हाइसमध्ये धरून हातोडा मारा. खळकन तुटला तर माल कामाचा, नुसता वाकला तर परत भंगारात. तुटलेली बाजूही पाहा. कण बारीक आणि राखाडी हवेत. साखरेसारखे चमकले तर तुम्ही जास्त तापवलेत. वर्षानुवर्षे लवलेल्या पाट्यात न दिसणाऱ्या चिरा असतात, तेव्हा पहिल्या तापानंतर कडा नीट बघा.

सुरी घडवणे

पाट्याची इंचभर रुंद पट्टी ग्राइंडरने उभी कापा. आधी टोक घडवा, मग मुठीत जाणारी शेपटी, आणि धारेची बाजू सगळ्यात शेवटी. धार पातळ करताना पाते पाठीकडे वाकते, म्हणून ती ठोकण्याआधीच पात्याला उलटा थोडा बाक देऊन ठेवतात. धारेकडे दीड मिलिमीटर जाडी राखा. फार पातळ केली तर विझवताना मुरडते.

घडवून झाल्यावर चुंबक चिकटणार नाही इतके तापवा आणि हवेत आपोआप निवू द्या. असे तीनदा. शेवटच्या वेळी रात्रभर राखेत पुरून ठेवलेत तर सकाळी कानस लोण्यातून गेल्यासारखी चालते.

पाणी देणे

सुरी खरी इथे ठरते. भट्टी सावलीत हवी, संध्याकाळी तर आणखी बरे. भर उन्हात लाल आणि नारिंगी सारखेच दिसतात. आपल्याकडचे पावसाळी अंधारलेले दिवस यासाठी नामी, फक्त छप्पर गळके नको. तारेला चुंबक बांधून जवळ ठेवा. साधारण ७७० अंशाला पोलाद चुंबकाला चिकटणे सोडते. त्यावर आणखी एक छटा चढू द्या, सगळे पाते एकसारखे दिसू द्या, मग वेळ घालवू नका.

तेल शेंगदाण्याचे किंवा सूर्यफुलाचे चालते. गाडीचे काढलेले इंजिन ऑइल फुकट मिळते, पण त्याचा धूर विषारी. तेल हाताला चांगले गरम लागेल इतके तापवा. थंड तेल दाट राहते, ते उष्णता सावकाश ओढते. पत्र्याचा उंच डबा घ्या, जवळ त्याचे झाकण ठेवा. पाते टोक खाली करून सरळ बुडवा आणि धारेच्या दिशेने पुढे-मागे हलवा. आडवे हलवले की वाकलेच. तेल पेटले तर झाकण टाका, पाणी कधीच नको.

नंतर कानस फिरवून पाहा. ती घसरली तर पाते कडक झाले. या अवस्थेत ते हातातून फरशीवर पडले तरी तुटू शकते. म्हणून लगेच घरच्या ओव्हनमध्ये २०० अंशाला दीड-दोन तास ठेवा, निवू द्या, पुन्हा तेवढाच वेळ. घासलेल्या पात्यावर गवताचा पिवळा रंग येतो.

लोहाराकडे ओव्हन नसतो. खुरप्याची किंवा कोयत्याची फक्त धार पाण्यात बुडवून तो बाहेर काढतो, दगडावर घासून चकचकीत करतो आणि मागची उष्णता धारेकडे सरकताना रंग बघत राहतो: आधी पिवळा, मग तपकिरी, जांभळा, निळा. हवा तो रंग धारेवर आला की सगळे हत्यार पाण्यात. पाहायला सोपे वाटते, पण खुरप्यांवर हात बसेपर्यंत सुरीवर करू नका. शिवाय पाट्याचे पोलाद पाण्यात चिरू शकते.

मूठ, कायदा आणि धार

मुठीला बाभूळ किंवा लाकडाच्या वखारीतले शिसवीचे उरलेले तुकडे घ्या. खानापूरच्या जंगलातून तोडून आणू नका. अराल्डाइट आणि दोन पितळी रिवेटा पुरतात. शस्त्र कायदा १९५९चा आहे. घरगुती किंवा शेतीच्या वापराची नसलेली, पाते ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद असलेली हत्यारे परवान्याच्या कक्षेत येतात. तेव्हा तलवार-खंजिराचा नाद सोडा. भाजीची सुरी, विळा, कोयता करा.

धार दोन्ही बाजूंनी १५ ते २० अंशांत लावा, घासताना पाते सारखे पाण्यात बुडवत राहा. धारेवर निळा रंग दिसला तर तिथला कडकपणा गेला. पहिला आठवडा सुरी रोज वापरा. धारेचे टवके निघाले तर २३० अंशाला पुन्हा एकदा ओव्हनमध्ये ठेवा. धार दुमडली तर ती मऊ राहिली आहे, मूठ काढून पाणी पुन्हा द्यावे लागेल. हे पोलाद गंजते, म्हणून वापरून झाल्यावर पुसून खोबरेल तेलाचे बोट फिरवा.