टायरनं खाल्लेली रिम

माळ्यावरून १:२४ चं, म्हणजे खऱ्याच्या चोविसाव्या हिश्श्याएवढं, ट्रकच्या प्लॅस्टिक मॉडेलचं जुनं किट काढलं, तर मऊ टायरांनी रिमच खाल्लेल्या! टायरमधलं तेलकट द्रव्य रिमच्या प्लॅस्टिकला, पॉलिस्टायरीनला, विरघळवतं. त्यात रत्नागिरीचा उकाडा. बोट लावलं तर कडा साखरेच्या पाकासारखी चिकट.

सुटे भाग मागवले आणि पहिल्यांदा चुकलोच, संच १:२५ चा निघाला. खरं चाक एक मीटरचं धरलं तर १:२४ मध्ये ४१.७ मिमी होतं, १:२५ मध्ये ४०. एवढ्याशा फरकानंही ट्रक बसका दिसतो, मला तरी खपत नाही.

मग व्हर्नियरनं टायरचा आतला व्यास मोजला, आकडा विक्रेत्याला कळवला आणि खात्री झाल्यावरच रेझिनच्या रिम घेतल्या. घट्ट बसल्या. उरलेल्या किटांचे टायर त्याच रात्री वेगळ्या पिशव्यांत भरले.