भिगवणला फ्लेमिंगो बघायला जाताय? आधी या चुका टाळा

डिसेंबर लागला की व्हॉट्सअपवर मेसेज फिरायला लागतो, "भिगवणला फ्लेमिंगो आले, कोण कोण येतंय?" मग रविवारी पुण्याहून गाड्या सुटतात, आणि संध्याकाळी तीच मंडळी सांगतात की काही नव्हतं तिथे, उगाच हाईप केलाय. अहो, हाईप नाही, तुम्ही धरण न बघता गेलात.

उजनीचा आकडा न बघता निघणं

भिगवणचे पक्षी म्हणजे उजनी धरणाच्या बॅकवॉटरचे पक्षी, एवढं तरी डोक्यात पक्कं करा. फ्लेमिंगोला खोल पाणी चालत नाही, तो उथळ पाण्यात उभा राहून चोच उलटी करून चिखल गाळून खातो. पावसाळा चांगला झाला की उजनी शंभर टक्क्यांच्या वर जातं आणि पाणी पार उसाच्या बांधाला लागतं, मग चिखल असणार कुठे आणि तो पक्षी उभा राहणार कुठे? पुढे कालव्याला शेतीच्या पाण्याची आवर्तनं सुटतात, खाली नदीत पाणी सुटतं, पातळी उतरते, दलदल उघडी पडते आणि मग फ्लेमिंगोंचे थवे दिसायला लागतात. भरलेल्या वर्षी त्यासाठी फेब्रुवारी-मार्च उजाडतो, आणि मे महिन्यातसुद्धा पक्षी असतात पण तेव्हा ऊन सोसायची तयारी पाहिजे.

म्हणून "फ्लेमिंगोचा सीझन कधी" याला एक तारीख नसते. 2023 च्या पावसाळ्यात धरण जेमतेम साठ टक्के भरलं आणि 2024 च्या जानेवारीतच उजनी मायनसमध्ये गेलं, त्या वर्षीचं कॅलेंडर भरलेल्या धरणाच्या वर्षाला लावून कसं चालेल! आणि मायनस म्हणजे कोरडं नव्हे बरं का. एकूण साठा 117 टीएमसी (अब्ज घनफूट), त्यातला 63 टीएमसीच्या वर मृतसाठा, म्हणजे टक्क्यात न धरलेलं तळाचं पाणी, शून्य टक्क्यालाही अर्ध्याहून जास्त पाणी असतंच. माझी सवय अशी की पेपरातला उजनीचा आकडा बघायचा आणि मग कुंभारगावच्या नावाड्याला फोन करून एकच विचारायचं, "चिखल उघडा पडला का?" रील बघून ठरवू नका, ती दोन वर्षांपूर्वीची असते.

डिसेंबरची ट्रिप वाया जाते असं मात्र नाही. पट्टकदंब हंस, चक्रवाक, थापट्या, तलवार बदक, डोक्यावर घिरट्या घालणारे सुरय, नशीब असेल तर मासा पायात धरून जाणारा ऑस्प्रे, हे सगळं हिवाळ्यातच बघायचं. हिमालय ओलांडून आलेला हंस समोर पोहत असताना लोक "पण फ्लेमिंगो कुठंय" म्हणून तोंड पाडून बसतात, त्यांना काय म्हणणार.

"दादा, उडवा ना जरा"

यावर मी जरा जास्त बोलणार आहे, सहन करा.

मोठा रोहित, म्हणजे आपला इथला फ्लेमिंगो, उभा असताना बराचसा पांढराच दिसतो. लाल-गुलाबी आणि काळा रंग पंखात झाकलेला असतो, पंख उघडले की दिसतो. आणि नवशिक्याला तो रंग आत्ताच्या आत्ता पाहिजे असतो. एका फेब्रुवारीत आमच्या शेजारच्या होडीत तिघं होते, तोफेएवढ्या लेन्सा घेऊन. समोर दोन-तीनशे पक्षी माना खाली घालून निवांत चरत होते. एकजण सारखा म्हणतोय "दादा, घाला ना आत, एकदा उडू देत." त्यांचा नावाडी आधी नाही म्हणाला, मग वरचे पैसे कबूल झाले आणि त्याने इंजिन मारलं. सगळा थवा उठला आणि पार करमाळ्याच्या बाजूला जाऊन उतरला. आमच्या म्हाताऱ्या नावाड्याने बिडी काढली आणि म्हणाला, "ह्येंचं झालं. आता बाकीच्यांनी बघायचं काय, पाणी?" मागून येणाऱ्या होडीत एक आजी आणि चार पोरं होती, त्यांना खरंच नुसतं पाणी दिसलं. त्या तिघांचे फोटो काठावर बघितले मी, पळणाऱ्या पक्ष्यांचे असतात तसेच, सगळ्यांची पाठ कॅमेऱ्याकडे.

चरणाऱ्या पक्ष्याला उठवलं की त्याचं खाणं तुटतं आणि वर उडायची ताकद खर्च होते. मी होडीत पाय ठेवायच्या आधीच सांगून टाकतो, उडवायचे नाहीत, इंजिन लांब बंद करा, पुढे बांबूने न्या, सूर्य पाठीवर ठेवा. मग गप्प बसायचं. अर्ध्या-पाऊण तासात कोणीतरी पंख ताणतो, दोघं भांडतात, चार पक्षी आपणहून उडून जागा बदलतात, आणि तो रंग फुकटात दिसतो. अर्धा तास ज्याला निघत नाही त्याने झू बघावा.

बाकीच्या फुटकळ चुका

मॅपवर नुसतं भिगवण टाकून बाजारपेठेत पोचणं. होड्या कुंभारगाव, डिकसळ या बाजूला आहेत.

दहा वाजता उगवणं. सूर्योदयाला होडीत असायचं तर पुण्यातून चारला निघा, शंभरेक किलोमीटर आहे.

चित्रबलाकाला फ्लेमिंगो म्हणणं. पिवळी जाड चोच आणि शेपटीजवळ गुलाबी पिसं दिसली की तो बलाक, चोच मधेच वाकडी असली की फ्लेमिंगो. करड्या रंगाचे दिसले तर ती पिल्लं आहेत, आजारी नाहीत.

दुर्बीण न आणता फक्त कॅमेरा आणणं. 8×42 ची (आठपट मोठं दाखवणारी, 42 मिमी भिंगाची) साधी दुर्बीण बास.

ड्रोन आणि मोबाईलवर पक्ष्यांचे आवाज वाजवणं, दोन्ही घरी ठेवा.

कडबनवाडी सोडून देणं. जवळच गवताळ माळ आहे, चिंकारा, खोकड, लांडगा, हिवाळ्यात भोवत्या (हॅरियर) हा शिकारी पक्षी. वनविभागाची सफारी ऑनलाईन बुक होते, ती घ्या, आपली एसयूव्ही गवतात घालून लांडग्यामागे पळवू नका. जमिनीवर घरटी असतात, चाकाखाली काय गेलं कळतही नाही.

आणि लाईफ जॅकेट. "उथळच आहे की" म्हणून काढून ठेवतात. मे 2024 मध्ये कळाशी-कुगावच्या मध्ये संध्याकाळच्या वाऱ्यात होडी उलटून सहा जण गेले, याच पाण्यात. वारा सुटला आणि नावाडी परत फिरू म्हणाला तर पैसे वसूल करायची भाषा करू नका, फिरा.

जेवणाचं मात्र सकाळी होडीत बसायच्या आधीच सांगून ठेवा, नाहीतर चिलापी मासळी संपलेली असते आणि मग हायवेवरचा पनीर टिक्का खात बसावं लागतं.