आधी डबा उघडा, मग कार्ड घ्या: गावाकडच्या डेस्कटॉपसाठी ग्राफिक्स

कापसाचा पहिला चुकारा हाती आला की, साधारण दिवाळीच्या मागेपुढे, यवतमाळ जिल्ह्यातल्या माझ्या छोट्या दुरुस्तीच्या दुकानात मुले एकच प्रश्न घेऊन येऊ लागतात: घरच्या डेस्कटॉपवर गेम अडकत अडकत चालतो, तर त्याला कोणते ग्राफिक्स कार्ड (पडद्यावरचे चित्र उभे करणारा वेगळा भाग) घ्यावे? त्यावर मी आधी तीन गोष्टी विचारतो. कॅबिनेट रुंद आहे की बारीक, एसएमपीएसच्या, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या पेटीच्या, स्टिकरवर काय लिहिले आहे आणि घरातल्या प्लगला अर्थिंग आहे का. ही उत्तरे मिळाली की लांबलचक यादीतली बहुतेक कार्डे आपोआप गळून पडतात आणि दोन-तीनच उरतात. म्हणून या लेखातही कार्डाचे नाव उशिरा येईल.

आमच्या भागात स्वस्तातले डेस्कटॉप मुख्यतः दोन वाटांनी घरात येतात. एक म्हणजे मोठ्या शहरांतल्या कार्यालयांनी काढून टाकलेले आणि साफसूफ करून पुन्हा विकलेले डेल ऑप्टिप्लेक्स, एचपी एलिटडेस्क किंवा लेनोवो थिंकसेंटर, ज्यांत बहुधा तिसऱ्या-चौथ्या पिढीचा इंटेल आय-५ प्रोसेसर असतो. दुसरे म्हणजे तालुक्याच्या ठिकाणी जुळवून दिलेले, एच६१ किंवा एच८१ मदरबोर्डाचे असेंबल्ड पीसी. पहिल्याचा एसएमपीएस लहान पण खरा असतो, तर दुसऱ्याचा पुष्कळदा स्टिकरवर मोठा आणि आतून पोकळ निघतो.

खर्च करण्यापूर्वी गेम नेमका कशामुळे अडकतो ते तपासून घ्यावे. गेम सुरू करून त्याचे रिझोल्यूशन १९२० × १०८० वरून १२८० × ७२० वर आणावे. फ्रेम (सेकंदाला दिसणारी चित्रे) बऱ्याच वाढल्या तर ग्राफिक्सच अपुरे पडत आहे आणि कार्डाने फरक पडेल. पण फ्रेम जवळजवळ तेवढ्याच राहिल्या तर प्रोसेसर किंवा रॅम अडवत आहे, आणि नवे कार्ड बसवूनही पदरी निराशाच येईल. गेम उघडायला पाच मिनिटे लागतात किंवा नकाशाचा नवा भाग आला की चित्र क्षणभर थिजते, ही तक्रार बहुधा जुन्या हार्ड डिस्कची असते आणि तिच्यावर एसएसडी, म्हणजे चिपवर साठवणारी वेगवान डिस्क, हा उपाय आहे. रॅमकडेही पाहावे, कारण प्रोसेसरमधले ग्राफिक्स संगणकाच्या रॅममधूनच आपले काम भागवते. त्यामुळे ८ जीबीची एकच पट्टी असण्यापेक्षा ४-४ जीबीच्या दोन पट्ट्या असणे अशा संगणकाला अधिक मानवते. रायझन ५ ५६००जी सारखा प्रोसेसर असलेल्या घरात मी कार्डाचा विषय बाजूला ठेवून आधी दुसरी पट्टी बसवून देतो, आणि बरेच जण त्यावरच समाधानी होतात. व्हॅलोरंटसारख्या गेमची किमान अपेक्षा तर इंटेल एचडी ४००० या प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सएवढी आहे.

आता एसएमपीएस. असेंबल्ड पीसीच्या एसएमपीएसवर ४५० वॅट असे ठळक छापलेले असते, पण त्या आकड्याकडे दुर्लक्ष करून स्टिकरवरच्या बारीक तक्त्यात १२ व्होल्टच्या रकान्याखाली किती अँपिअर लिहिले आहे ते वाचावे, कारण प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड हे दोघेही आपली वीज मुख्यतः याच वाटेने घेतात. तिथे १४ अँपिअर लिहिले असेल तर १२ गुणिले १४, म्हणजे १६८ वॅट, एवढाच त्याचा खरा जीव. असा एसएमपीएस ताणाखाली जातो तेव्हा तो एकटा जात नाही. सोबत मदरबोर्ड आणि कधी कधी नवे कोरे कार्डही घेऊन जातो. म्हणून या गटातल्या संगणकांसाठी माझा सल्ला असा असतो की, नावाजलेल्या कंपनीचा, ८० प्लस (वीज कमी वाया घालवण्याची खूण) प्रमाणित, ४५० ते ५५० वॅटचा एसएमपीएस आधी घ्यावा, आणि त्यापायी कार्ड एक पायरी खालचे घ्यावे लागले तरी चालवून घ्यावे.

कंपनीच्या संगणकात हिशेब वेगळा आहे. ऑप्टिप्लेक्स ९०२० च्या बारीक कॅबिनेटमधला एसएमपीएस २५५ वॅटचा असतो, आणि हा आकडा ऐकून मुले हिरमुसतात. पण चौथ्या पिढीच्या आय-५ ४५७० चे ८४ वॅट, कार्डाचे ७५ वॅट आणि मदरबोर्ड, डिस्क, पंखे यांचे साधारण ४० वॅट धरले तरी बेरीज २०० च्या आसपासच राहते. अडचण तो बदलायची वेळ आली की सुरू होते, कारण या मॉडेलमध्ये नेहमीच्या २४ पिनांऐवजी ८ पिनांचा वेगळा जोड आहे आणि बाजारातला साधा एसएमपीएस त्याला थेट लागत नाही. त्याच्या आधीच्या ७०१० मध्ये मात्र २४ पिनांचाच जोड आहे. तेव्हा बारीक कॅबिनेट असेल तर मूळ एसएमपीएस तसाच ठेवून, मदरबोर्डच्या लांब स्लॉटमधून मिळणाऱ्या विजेवरच चालणारे कार्ड शोधणे शहाणपणाचे. हा पीसीआय एक्सप्रेस एक्स-१६ स्लॉट प्रमाणानुसार जास्तीत जास्त ७५ वॅट देतो. हार्ड डिस्कच्या जुन्या चार पिनांच्या वायरीतून ६ पिनांचा जोड काढून मोठे कार्ड चालवण्याचा जुगाड मात्र करू नये. तशी जळून काळी पडलेली वायर माझ्या खणात आजही आहे.

मापाची गोष्ट मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. काही वर्षांपूर्वी एका ओळखीच्या मुलासाठी नागपूरहून कार्ड आणले, आणि घरी कॅबिनेट उघडल्यावर लक्षात आले की कार्डाची डब्याच्या मागे स्क्रूने बसणारी धातूची पट्टी पूर्ण उंचीची आहे आणि डबा बारीक. दुकानदाराने ते बदलून दिले, पण एसटीने पुन्हा जाण्यायेण्यात एक दिवस आणि दोन वेळचे भाडे गेले. म्हणून घरून निघण्यापूर्वी डब्याचे मागून आणि आतून असे दोन फोटो मोबाईलमध्ये घ्यावेत, स्लॉटपासून समोरच्या डिस्कच्या खणापर्यंतचे अंतर फूटपट्टीने मोजावे आणि स्लॉटच्या खाली आणखी एका स्लॉटएवढी जागा मोकळी आहे का ते पाहावे. बारीक डब्यासाठी ‘लो प्रोफाइल’ (कमी उंचीचे) असे स्पष्ट सांगूनच कार्ड मागावे, आणि छोटी पट्टी खोक्यातच आहे याची दुकानातच खात्री करून घ्यावी.

आता कार्डांकडे वळू. ३० वॅटचे जीटी १०३० सर्वांत सोपे, कुठेही बसणारे. पण याच नावाने दोन वेगळी कार्डे विकली जातात. जीडीडीआर५ मेमरीच्या कार्डाची गती सेकंदाला ४८ जीबी आहे, तर डीडीआर४ मेमरीच्या कार्डाची १७ जीबीलाही पोचत नाही. खोके सारखेच दिसते, म्हणून मेमरीचा प्रकार वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत. खरे सांगायचे तर आज नव्याने घेण्यासारखे हे कार्ड राहिलेले नाही. ४ जीबीचे जीटीएक्स १०५० टीआय २०१६ पासून आपल्याकडे फार चालले, ते ७५ वॅटमध्ये भागते आणि जुन्या बाजारात विपुल मिळते. मात्र एनव्हिडियाने या पिढीसाठी नव्या गेमचे ड्रायव्हर (कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर) देणे २०२५ मध्ये थांबवले असून पुढे फक्त सुरक्षेपुरते अद्ययावतीकरण राहणार आहे. म्हणून जुनेच घ्यायचे असेल तर २०१९ चे जीटीएक्स १६५० मला अधिक पटते. तेही ७५ वॅटचे आहे आणि लो प्रोफाइलमध्येही मिळते. फक्त काही कंपन्यांनी त्याला ६ पिनांचा जादा जोड दिला आहे, तो नसलेलेच पाहावे. नवे घेण्याची ऐपत असेल तर २०२४ मध्ये आलेले आरटीएक्स ३०५० चे ६ जीबीचे रूप ७० वॅटमध्ये आणि जादा वायरीशिवाय चालते. त्याच नावाचे ८ जीबीचे कार्ड वेगळे आहे आणि त्याला जादा वीज लागते, हे लक्षात ठेवावे.

दोन कार्डांबद्दल सावध करणे आवश्यक वाटते. आरएक्स ६४०० फक्त ५३ वॅटचे असल्याने बारीक डब्यासाठी आदर्श वाटते, पण ते स्लॉटमधल्या माहितीच्या १६ वाटांपैकी चारच वापरते आणि त्याची बांधणी चौथ्या पिढीच्या पीसीआय एक्सप्रेससाठी आहे. तिसऱ्या किंवा दुसऱ्या पिढीचे पीसीआय एक्सप्रेस असलेल्या जुन्या मदरबोर्डवर त्याचा वेग काही गेममध्ये चांगलाच घटतो. शिवाय त्यात व्हिडिओ एन्कोडर नाही, म्हणजे गेम रेकॉर्ड करून यूट्यूबवर टाकणाऱ्याच्या ते कामाचे नाही. इंटेलचे आर्क ए३८० स्वस्त दिसते, पण रिसायझेबल बार ही (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी) सोय नसलेल्या जुन्या मदरबोर्डवर ते मार खाते. उभे, रुंद कॅबिनेट आणि नवा एसएमपीएस ज्यांच्याकडे आहे त्यांना १३२ वॅटचे आरएक्स ६६०० घेता येईल. तिसऱ्या पिढीचा आय-५ मात्र त्या कार्डाला पुरा पडणार नाही, आणि कार्डाची निम्मी ताकद बसून राहील.

जुने कार्ड घेताना फसवणूक ओळखता आली पाहिजे. दहा-बारा वर्षांपूर्वीच्या चिपवर खोटे बायोस (कार्डाची ओळख सांगणारे आतले सॉफ्टवेअर) टाकून ती १०५० टीआय म्हणून विकल्याची उदाहरणे जगभर आहेत. जीपीयू-झेड हा मोफत प्रोग्राम अशा बहुतेक कार्डांच्या नावापुढे ते बनावट असल्याचे दाखवतो. आरएक्स ५८० मागितल्यावर ‘२०४८एसपी’ लिहिलेले कार्ड हाती आले तर ते प्रत्यक्षात ५७० च्या ताकदीचे आहे हे समजून भाव करावा. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचे मायनिंग (ग्राफिक्स कार्डांवर गणिते करून ते कमावणे) बंद झाल्यावर अहोरात्र राबलेली हजारो कार्डे बाजारात आली. तशी सगळीच टाकाऊ नसतात, पण विक्रेत्यासमोर अर्धा तास गेम चालवून, पंख्याचा आवाज ऐकून आणि पक्के बिल घेऊनच व्यवहार करावा.

मॉनिटरची वायर हा विषय शेवटच्या क्षणी आठवतो. आजच्या कार्डांना जुना निळा व्हीजीए जोड नसतो, आणि १०५० टीआयच्या डीव्हीआयमधूनही साध्या जोडणीने व्हीजीए निघत नाही. मॉनिटर जुना असेल तर एचडीएमआयवरून व्हीजीए करणारा, आत सर्किट असलेला कन्व्हर्टर सोबतच आणावा.

बसवण्याचे काम अर्ध्या तासाचे आहे. मुख्य वायर काढावी, सुरू करण्याचे बटण काही सेकंद दाबून उरलेली वीज जाऊ द्यावी आणि कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवावी; आपल्याकडच्या कोरड्या हवेत ही काळजी नुसती औपचारिक नाही. मागची झाकणपट्टी काढून कार्ड वरच्या लांब स्लॉटमध्ये दोन्ही टोकांवर सारखा दाब देत टक् असा आवाज येईपर्यंत बसवावे आणि स्क्रू आवळावा. मॉनिटरची वायर यापुढे कार्डालाच लावायची. नवे कार्ड चालत नाही म्हणून माझ्याकडे आलेल्या कित्येक संगणकांत ती मदरबोर्डच्याच जोडाला लावलेली होती. ड्रायव्हरची फाइल ५०० एमबीपेक्षा मोठी असते, तेव्हा गावात नेटवर्क रडत असेल तर ती तालुक्याहून पेनड्राइव्हवर आणून ठेवावी. आधी दुसऱ्या कंपनीचे कार्ड असेल तर विंडोजच्या सेफ मोडमध्ये डीडीयू हा ड्रायव्हर पुसणारा प्रोग्राम चालवून जुना ड्रायव्हर मुळासकट काढावा.

यानंतर खरी परीक्षा उन्हाळ्याची. अकोला, चंद्रपूर, ब्रह्मपुरीकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, आणि कार्डाचे तापमान खोलीच्या तापमानावर चढत जाते: २६ अंशांच्या खोलीत ६८ वर राहणारे कार्ड ४२ अंशांच्या खोलीत ८४ च्या आसपास पोचते आणि स्वतःचा वेग कमी करू लागते. एमएसआय आफ्टरबर्नर या प्रोग्राममध्ये कार्डाची पॉवर लिमिट (विजेची मर्यादा) ८५ टक्क्यांवर आणावी आणि मॉनिटर ६० हर्ट्झचा असेल तर फ्रेमही ६० वरच थांबवाव्यात. खेळताना फारसा फरक जाणवत नाही, उष्णता मात्र बरीच उतरते. कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर येऊ देऊ नये, कारण त्या थंड हवेबरोबर पाण्याचे बारीक तुषारही आत जातात. कूलर आणि संगणक समोरासमोर न ठेवता काटकोनात ठेवावेत.

ओलिताच्या दिवसांत शिवारातल्या मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज पडते, म्हणून किमान ६०० व्हीएचा लाइन इंटरॅक्टिव्ह (व्होल्टेज सावरणारा) यूपीएस हवा. तो गेम पुरा करण्यासाठी नसून संगणक नीट बंद करण्यासाठी असतो. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग नाही असे समजून वायरमनकडून अर्थिंगचा खड्डा करून घ्यावा, आणि बोर्डात न्यूट्रललाच अर्थची तार जोडण्याची पद्धत कोणी सुचवली तर साफ नाकारावी. न्यूट्रल तुटला की त्या जोडणीने कॅबिनेटचा पत्राच जिवंत होतो.

कापूस घरात साठवलेला असतो त्या महिन्यांत त्याचे बारीक तंतू कार्डाच्या पंख्यामागच्या जाळीत नमद्यासारखे बसतात, तेव्हा दर पंधरवड्याला कॅबिनेट अंगणात नेऊन ब्लोअर मारावा. मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत, नाहीतर ती हवेच्या जोराने भलत्याच वेगाने फिरून बेअरिंग खराब होते.