ईसीजीसी, एक्झिम वगैरे: या लायनीत नवीन येणाऱ्यांसाठी

ट्रेड फायनान्समध्ये, म्हणजे आयात-निर्यातीच्या पैशाच्या कामात येणाऱ्या बऱ्याच मुलांना वाटतं की ईसीजीसी (एक्स्पोर्ट क्रेडिट गॅरंटी कॉर्पोरेशन) आणि एक्झिम (एक्स्पोर्ट-इम्पोर्ट) बँक या दोन्ही सरकारी संस्था एकच, सरकार एक्स्पोर्टरला पैसे देतं, विषय संपला. इंटरव्ह्यूमध्ये तरी असं बोलू नका. ईसीजीसी विमा देते, 1957 पासून. बाहेरचा बायर दिवाळखोर झाला, पैसे दिलेच नाहीत, किंवा त्याच्या देशात युद्ध झालं, डॉलर बाहेर पाठवायला बंदी आली, तर नुकसानीचा मोठा हिस्सा भरून देते, नेहमीच्या पॉलिसीत साधारण 90 टक्के. एक्झिम बँक 1982 ची, ती कर्ज देते. दोघांची हेड ऑफिसं मुंबईत, तरी आपल्याकडे कॉलेजात कोणी हे सांगत नाही.

मी सुरुवात केली एका एक्स्पोर्ट कन्सल्टंटकडे, क्लायंट सगळे कोल्हापूर-पुणे साइडचे फाउंड्रीवाले, ऑटो पार्टवाले. काम काय तर कुठल्या बायरची लिमिट किती, म्हणजे त्याच्यावर ईसीजीसी किती रकमेपर्यंत विमा देते, महिन्याचं शिपमेंट डिक्लेरेशन तिच्याकडे गेलं का, ड्यू डेट उलटून गेली तर ओव्हरड्यू कळवलं का. बोअर आहे, मान्य, पण क्लेम अडकतो तो इथेच. एका कास्टिंगवाल्याचे पैसे थकले, माणूस निवांत, पॉलिसी आहे ना! फाईल काढली तर आत बायरची दोन ओळींची मेल, पेट्या ओल्या होत्या, पार्ट गंजलेत. म्हणजे हा आता क्वालिटीचा वाद झाला, आणि तो मिटेपर्यंत किंवा कोर्टाचा निकाल हातात येईपर्यंत क्लेम पुढे सरकत नाही. नियम बरोबरच आहे म्हणा, नाहीतर कोणीही खराब माल पाठवून विमा मागेल. म्हणून फाईल हातात आली की पॉलिसीच्या आधी बायरच्या मेल वाचायच्या.

मग एक्झिम बँकेची प्रोजेक्टची बाजू, इथे ग्लॅमर जास्त. मालदीवमध्ये मालेला शेजारच्या बेटांशी जोडणारा 6.74 किमीचा पूल आणि रस्ता बघा, एक्झिम बँकेमार्फत भारताची 40 कोटी डॉलरची लाइन ऑफ क्रेडिट, म्हणजे दुसऱ्या देशाच्या सरकारला ठरलेल्या मर्यादेपर्यंत कर्ज, वर 10 कोटी डॉलर अनुदान, काम मुंबईच्या अफकॉन्सकडे. लोकांना वाटतं एवढे डॉलर मालेला गेले. तसं नसतं हो, लाइन ऑफ क्रेडिटमध्ये बिल मंजूर झालं की बँक थेट आपल्या कॉन्ट्रॅक्टरला पैसे देते, कर्ज फेडायचं तिथल्या सरकारनं, आणि साधारण 75 टक्के माल आणि सेवा भारतातून घ्यायच्या अशी अट, बांधकामात तिला थोडी सूट मिळू शकते. म्हणजे मदत तर आहेच, पण आपल्या कंपन्यांची ऑर्डरबुकही त्यातूनच भरते, आणि हे उघड बोलायला लाजायचं कारण नाही. चीन, जपान, कोरिया सगळे हेच करतात.

जोखीम मात्र जात नाही, ती सरकारी खात्यावर येते एवढंच. श्रीलंकेनं 2022 मध्ये परदेशी कर्जफेड थांबवली तेव्हाच्या बातम्या जरूर वाचा, आणि ईसीजीसी देशांना जोखमीप्रमाणे ए1 पासून डीपर्यंत ग्रेड देते ती यादीही बघून ठेवा.

ईसीजीसीची पीओ (प्रोबेशनरी ऑफिसर) भरती निघते, तिची परीक्षा द्या, पण तिच्यावरच बसून राहू नका. एखाद्या बँकेच्या ट्रेड डेस्कवर जागा मिळत असेल तर पगार जरा कमी असला तरी घ्या, पॅकिंग क्रेडिटच्या, म्हणजे माल पाठवायच्या आधी एक्स्पोर्टरला मिळणाऱ्या कर्जाच्या फायली तिथेच बघायला मिळतात.