कमी आरपीएमचा टॉर्क ओळखावा आणि रोजच्या रस्त्यावर वापरावा कसा

संध्याकाळी सात वाजता नळ स्टॉपहून कोथरूडकडे निघालेली मोटरसायकल बहुतेक वेळ ताशी 15 ते 30 किलोमीटरच्या टप्प्यातच फिरते. इंजिनाची कमाल शक्ती मिनिटाला ज्या सात-आठ हजार फेऱ्यांवर (आरपीएमवर) मिळते, तिथवर ते अशा प्रवासात एकदाही पोहोचत नाही. त्यामुळे रोजच्या वापरासाठी खरा प्रश्न एवढाच उरतो, की दोन ते चार हजार फेऱ्यांत गाडी किती सहज ओढते आणि ती ओढ आपण नीट वापरतो का.

सुरुवात माहितीपत्रकापासून करावी. तिथे टॉर्कचा, म्हणजे इंजिनाच्या फिरवण्याच्या जोराचा, आकडा पाहताना तो किती फेऱ्यांवर मिळतो, हे आधी वाचावे. रॉयल एनफिल्डच्या क्लासिक 350 चे 349 सीसीचे इंजिन 27 न्यूटन मीटर टॉर्क 4000 फेऱ्यांवर देते. चाकणला तयार होणाऱ्या केटीएम 390 ड्यूकचे 373 सीसीचे जुने इंजिन 37 न्यूटन मीटर देते, पण ते 7000 फेऱ्यांवर. टॉर्कला फेऱ्यांनी गुणून 7024 ने भागले की त्या क्षणाची शक्ती पीएसमध्ये (मेट्रिक अश्वशक्तीत) मिळते. म्हणजे क्लासिक 4000 फेऱ्यांवर सुमारे 15.4 पीएस देते आणि शहरात नेमकी हीच शक्ती हाताशी असते. लांब स्ट्रोकमुळे (पिस्टनच्या वर-खाली जाण्याच्या अंतरामुळे) टॉर्क वाढतो असे अनेक जण सांगतात, पण ते अर्धेच खरे आहे. क्लासिकचा स्ट्रोक 85.8 मिलिमीटर आणि बोअर (सिलिंडरचा व्यास) 72 आहे, तर त्या ड्यूकचा स्ट्रोक 60 आणि बोअर 89 आहे. अरुंद बोअरमध्ये व्हॉल्व्ह लहान बसतात आणि कमी फेऱ्यांतही आत येणाऱ्या हवेचा वेग टिकतो. व्हॉल्व्ह उघडण्या-मिटण्याची वेळही त्याच फेऱ्यांना धरून ठरवलेली असते, म्हणून सिलिंडर तिथे चांगला भरतो. इंजिनाच्या दांड्यावरचे जड चाक, म्हणजे फ्लायव्हील, स्वतः टॉर्क निर्माण करत नाही. दोन स्फोटांच्या मधला वेळ ते सांभाळून नेते, एवढेच.

यानंतर आपल्या गाडीची खालची मर्यादा शोधावी. माझ्या मते या सगळ्यात हे काम सर्वांत महत्त्वाचे आहे आणि फार थोडे जण ते करतात. रविवारी सकाळी, इंजिन पुरेसे गरम झाल्यावर, सपाट आणि मोकळ्या रस्त्यावर, मागून कोणी येत नाही याची आरशात खात्री करून गाडी तिसऱ्या गियरमध्ये ताशी 40 वर न्यावी. मग ॲक्सिलरेटर सोडून वेग आपोआप उतरू द्यावा आणि दर पाच किलोमीटरच्या घटीनंतर मूठ हलकेच पिळून पाहावी. गाडी सुरुवातीला मऊपणे पुढे जाते. पुढे एका वेगाला चेन खडखडू लागते, टाकीला टेकलेल्या गुडघ्यांना ठोके जाणवतात आणि गाडी झटके मारते. चार स्ट्रोकच्या एका सिलिंडरच्या इंजिनात दर दोन फेऱ्यांना एकदाच स्फोट होतो. 1500 फेऱ्यांवर ते सेकंदाला जेमतेम साडेबारा स्फोट होतात आणि त्यांच्यामधली पोकळी चेनमधून थेट आपल्यापर्यंत येते. झटके सुरू होण्याआधीचा वेग लक्षात ठेवावा. हीच चाचणी दुसऱ्या आणि चौथ्या गियरमध्ये करावी. कित्येक साध्या गाड्यांना आरपीएमचा काटाच नसतो, त्यामुळे प्रत्येक गियरचा किमान वेग कागदावर लिहून ठेवल्यास पुष्कळ उपयोग होतो. शेवटी मागे कोणाला तरी बसवून, हलक्या चढावर, तीच चाचणी पुन्हा घ्यावी. मर्यादा पाच-सात किलोमीटरने वर सरकलेली आढळेल. डबलसीट जाताना हाच दुसरा आकडा धरून चालावे.

आता गाडी जागेवरून हलवण्याकडे वळू. सपाट जागी पहिल्या गियरमध्ये, ॲक्सिलरेटरला हात न लावता, क्लच अगदी सावकाश सोडावा. एका ठिकाणी इंजिनाचा आवाज किंचित खाली बसतो आणि गाडी पुढे सरकू पाहते. क्लच इथे पकडतो. दहा-बारा वेळा हे केले की बोटांना ती जागा पाठ होते आणि मग सिग्नलवर थोडीशी रेस पुरते. ही सवय मला उशिरा लागली. कात्रजच्या चढावरच्या कोंडीत मी कित्येक महिने दुसऱ्या गियरमध्ये अर्धा क्लच धरून गाडी रेटत असे. एके दिवशी आवाज वाढू लागला, पण वेग वाढेना. मेकॅनिकने क्लच उघडून प्लेटा ट्रेमध्ये मांडल्या, तेव्हा स्टीलच्या प्लेटांवर निळसर डाग पडले होते, घर्षणाच्या प्लेटांच्या कडा काळ्या पडल्या होत्या आणि ऑइललाही जळका वास येत होता. गाडीच्या टॉर्कमध्ये काहीच उणे नव्हते, मी तो चाकापर्यंत पोहोचूच देत नव्हतो.

म्हणून कोंडीत पहिल्या गियरमध्ये क्लच पूर्ण सोडून, मूठ स्थिर ठेवून आणि मागचा ब्रेक अगदी हलका दाबून चालावे. ब्रेकच्या त्या किंचित ओढीमुळे चेन ताणलेली राहते आणि गचके बसत नाहीत. रांग त्याहूनही हळू सरकत असेल, तर क्लच पूर्ण दाबून थांबावे, पुढे चार-पाच मीटर जागा होऊ द्यावी आणि मग एकदाच निघावे. मागून हॉर्न वाजतील, ते वाजू द्यावेत.

चढावर गियर वळणाच्या आधी पाडावा. गोळेवाडीहून सिंहगडाच्या घाटात शिरल्यावर तीव्र वळणांवर वेग एकदम तुटतो आणि तिसऱ्याच गियरमध्ये मूठ पूर्ण पिळली, तर इंजिन घुमते, पण गाडी चढत नाही. कमी फेऱ्यांत पिस्टन सावकाश हलतो, दाबलेल्या मिश्रणाला आपोआप पेटायला वेळ मिळतो आणि टकटक असा धातूचा आवाज येऊ लागतो. हा आवाज आल्यावर मूठ आणखी पिळू नये. थोडी सैल करून एक गियर खाली यावे. उतरतानाही साधारण त्याच गियरमध्ये उतरावे, म्हणजे इंजिन गाडी धरून ठेवते आणि ब्रेक तापत नाहीत.

कमी फेऱ्यांतली ओढ अचानक बिघडली, तर आधी स्वस्त कारणे तपासावीत. ढिली किंवा कुठे घट्ट, कुठे सैल झालेली चेन, धुळीने भरलेला एअर फिल्टर, कमी हवेचे टायर आणि अजिबात ढील न उरलेली क्लचची केबल ही नेहमीची कारणे असतात. ऑइलच्या डब्यावर जासो (जपानी मानक) एमए किंवा एमए 2 असे लिहिलेले पाहावे; मोटारीच्या काही ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्ये असतात आणि ऑइलमध्ये बुडालेला क्लच त्यामुळे घसरतो. पुढचा स्प्रॉकेट (चेन फिरवणारे दातेरी चाक) 15 ऐवजी 14 दातांचा बसवल्यास चाकावरची ओढ सुमारे 7 टक्क्यांनी वाढते, पण त्याच वेगाला इंजिनाच्या फेऱ्याही तेवढ्याच वाढतात. सतत सासवडच्या दिवे घाटातून ओझे नेणाऱ्याला हा बदल मानवेल. महामार्गावर रोज हिंजवडीला जाणाऱ्याने तो करू नये.

नवी गाडी निवडताना शोरूमसमोरच्या सपाट रस्त्यावरची एक फेरी पुरेशी मानू नये. मागे माणूस बसवून जवळचा एखादा चढ आणि एक गतिरोधक मिळेल असा रस्ता मागून घ्यावा. गतिरोधक दुसऱ्या गियरमध्ये ताशी 12-15 किलोमीटरने ओलांडावा आणि क्लचला हात न लावता मूठ हळूच पिळावी. गाडी झटका न देता पुढे निघाली, तर तीच कसोटी लगेच चढावर पुन्हा घ्यावी, आणि किमतीची बोलणी त्यानंतरच सुरू करावीत.