कोणत्या बंदरात उतरायचं नाही, ते नागपुरातच ठरवा

भूमध्य समुद्रातल्या क्रूझचं बुकिंग झालं की बॅगा काढायच्या आधी मागच्या वर्षीच्या कालनिर्णयचं एक पान उलटं करून जेवणाच्या टेबलावर पसरा. जितके दिवस तितके रकाने आखा. प्रत्येक रकान्यात बंदराचं नाव, बोट लागायची वेळ, परत चढायची शेवटची वेळ आणि आपल्याला जे बघायचं आहे ते बंदरापासून किती लांब, एवढंच लिहा. मग घरातल्या सगळ्यांना भोवती बसवा, आजीला आणि लेकरांनाही.

गेल्या जूनमध्ये आम्ही पाच जण गेलो होतो: मी, नवरा, ९ आणि ५ वर्षांची दोन मुलं आणि गुडघेदुखी असलेल्या सासूबाई. आमच्या पानावर बार्सिलोना, मार्सेय, जिनोआ, चिविताव्हेकिया, नेपल्स, मग एक पूर्ण दिवस समुद्रात, मग पाल्मा आणि परत बार्सिलोना असा क्रम होता. एवढे पैसे भरलेत तर सगळं बघून घेऊ, असं म्हणून आम्ही प्रत्येक बंदरात उतरायचं ठरवलं होतं. चौथ्या दिवशी रोमहून परत आलो आणि धाकटी जेवता जेवता टेबलावरच डोकं टेकून झोपली. हातात पावाचा तुकडा तसाच होता. सासूबाई म्हणाल्या, "काहून एवढी धावपळ? बोटीचे पैसे नाही का भरले?" त्या रात्री आम्ही उरलेले रकाने खोडून पुन्हा लिहिले. हेच काम नागपुरात झालं असतं तर चार दिवस जास्त सुखाचे गेले असते, म्हणून ही यादी त्या कामापासून सुरू करते आहे.

बंदराच्या नावावर विसंबू नका. माहितीपत्रकात रोम लिहिलेलं असतं, पण बोट लागते ती चिविताव्हेकियाला. तिथून रोम सत्तर-ऐंशी किलोमीटर, म्हणजे नागपूरहून वर्ध्याला गेल्यासारखं. फ्लॉरेन्स लिहिलं असेल तर बोट बहुधा लिव्होर्नोला थांबते आणि पुढे ९० किलोमीटरच्या आसपास अंतर उरतं. पिसा मात्र त्याच बंदरापासून बरंच जवळ आहे. व्हेनिसच्या ऐन शहरासमोरून, ज्युडेका कालव्यातून, मोठ्या बोटी न्यायला २०२१ पासून बंदी आहे, त्यामुळे तिथेही बोट नेमकी कुठे लागणार ते विचारून घ्या. याउलट जिनोआत आणि नेपल्सला बोट शहराच्या अगदी पोटात लागते. तुमची बोट ग्रीसकडे जात असेल तर पिरीअसहून अथेन्स मेट्रोने सहज गाठता येतं. सँटोरिनीत मात्र बोट समुद्रातच नांगर टाकते, छोट्या होड्यांतून किनाऱ्यावर जावं लागतं आणि वर गावात पोचायला केबल कार, खेचरं किंवा साडेपाचशेहून जास्त पायऱ्या. आजी-आजोबा सोबत असतील तर हे आधी माहीत असायला हवं.

अंतर लिहून झालं की तासांचा हिशेब मांडा. समजा बोट सकाळी ८ ला लागली आणि संध्याकाळी ७ ला सुटणार आहे. उतरायला साडेआठ होतात. परत चढायची वेळ सुटण्याच्या अर्धा ते एक तास आधीची असते, म्हणजे सहा धरा. राहिले साडेनऊ तास. चिविताव्हेकियात बंदराच्या फाटकापर्यंत बस, तिथून स्टेशन, मग रेल्वे, आणि संध्याकाळी हेच सगळं उलट्या क्रमाने. उशिराची भीती धरून यात चार तास गेले असं समजा. तुमच्या हातात साडेपाच तासांचं रोम उरतं. त्यात कलोसियम आणि व्हॅटिकन दोन्ही कोंबायचं म्हणाल तर पोरांना खांद्यावर घेऊन पळावं लागेल. आम्ही तेच केलं. आता जाणाऱ्यांना मी सांगते, दोनपैकी एक घ्या आणि बाकीचा वेळ चौकात बसून आईस्क्रीम खा. रोमच्या रस्त्यांवर पिण्याच्या पाण्याचे लोखंडी नळ अखंड वाहत असतात, त्यामुळे रिकामी बाटली जवळ असू द्या. व्हॅटिकनची संग्रहालयं महिन्याचा शेवटचा रविवार सोडला तर रविवारी बंद असतात. तुमचा रोमचा दिवस रविवारी येत असेल तर तो रकाना आत्ताच बदला.

आमचा अनुभव असा की सात रात्रींच्या सफरीत लांबची ठिकाणं दोनच पुरेत. बाकीच्या बंदरांत दोन-तीन तास पायी फिरायचं आणि जेवायला बोटीवर परतायचं. एका बंदरात अजिबात उतरायचं नाही. लांबचे दिवस लागोपाठ घेऊ नका. आणखी एक गोष्ट आपल्या फायद्याची आहे. उन्हाळ्यात आपलं घड्याळ तिथल्यापेक्षा साडेतीन तास पुढे असतं, त्यामुळे पहिले दोन-तीन दिवस मुलं पहाटे चारलाच टक्क जागी होतात आणि संध्याकाळी सातला पेंगतात. लांबचं ठिकाण सुरुवातीला येत असेल तर ते त्या दिवसांतच उरका. रात्रीचे कार्यक्रम नंतर बघता येतात, सहाव्या रात्री मुलंही अकरापर्यंत जागतात.

लांबच्या ठिकाणी बोटवाल्यांचीच सहल घ्या, जवळच्या ठिकाणी आपलं आपण फिरा. बोटीची सहल महाग असते, पाच डोक्यांचे पैसे मोजताना जीव वर-खाली होतो, मला कळतं. पण त्यांची बस रस्त्यात अडकली तर बोट थांबते. आपण स्वतः गेलो आणि रेल्वे चुकली, तर बोट निघून जाते आणि पुढचं बंदर आपल्या खर्चाने गाठावं लागतं. पोरं आणि म्हातारं माणूस सोबत असताना तेवढी जोखीम मी घेणार नाही. नेपल्स, जिनोआसारख्या ठिकाणी मात्र सहलीवर पैसे घालवायची गरज नाही. जिनोआचं मत्स्यालय बंदरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे आणि मुलांचे दोन-तीन तास तिथे कसे जातात कळत नाही. नेपल्सला बोटीतून उतरलं की समोरच जुना किल्ला, पुढे मोठा चौक. शाकाहारी मंडळींनी तिथे मारिनारा पिझ्झा मागावा: टोमॅटो, लसूण, ओवाफुलाच्या चवीचा ओरेगानो आणि तेल, बस. चीजसुद्धा नसतं.

पॉम्पेई बघायचं असेल तर नेपल्सहून लोकल रेल्वेने पाऊण तासाच्या आत पोचता येतं. ते बघाच असं मी म्हणेन. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडलं गेलेलं शहर आहे, आणि रस्त्याच्या दगडांत गाड्यांच्या चाकांनी पडलेल्या चाकोऱ्या अजून हाताला लागतात. थोरल्याने त्या चाकोरीत बोट घालून बघितलं आणि बराच वेळ तो काही बोललाच नाही. पण सावली जवळपास नाही. आपण नागपूरचे, ४५ अंश बघितलेले, त्यामुळे तिथले ३३-३४ ऐकून आपण निर्धास्त असतो. इथे मे महिन्यात दुपारी बारा ते चार आपण कूलरसमोर असतो, तिथे त्याच वेळात दगडी रस्त्यावर चालत असतो. टोप्या, दुपट्टा, मीठ-साखरेच्या पुड्या घ्या आणि सकाळीच पॉम्पेई आटोपा.

नेपल्सच्या दिवशी सासूबाई बोटीवरच राहिल्या. सकाळी सहाला त्यांनी मला बाल्कनीत हाक मारली. बोट हळूहळू आत शिरत होती, समोर व्हेसुव्हियस, खाली धक्क्यावर माणसं जाड दोर पकडायला उभी. चहाचा कप कठड्यावर ठेवून त्या तो दोर खुंटीला अडकेपर्यंत बघत राहिल्या. आम्ही संध्याकाळी परत आलो तेव्हा त्यांनी गरम पाण्याच्या टबमध्ये गुडघे शेकून घेतले होते, लायब्ररीत बसून झालं होतं आणि एका गुजराती आजींशी ओळखही झाली होती. बंदराच्या दिवशी बोट निम्मी रिकामी असते. घसरगुंडीला रांग नाही, पोहायच्या तलावात जागा, जेवणाच्या हॉलमध्ये खिडकीजवळचं टेबल. समुद्रातल्या दिवशी याच गोष्टींसाठी गर्दी उसळते. म्हणून पाल्माला मी आणि धाकटी उतरलो नाही, आणि तिला विचाराल तर तोच तिचा सगळ्यात आवडता दिवस. मुलांचे क्लब बहुतेक बोटींवर तीन वर्षांपुढच्यांसाठी असतात, बंदराच्या दिवशी ते किती वाजता उघडतात ते आधी विचारा. डायपर लावणाऱ्या बाळांना तलावात सहसा उतरू देत नाहीत.

आता कागदपत्रं. शेंगेन व्हिसाचा, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाचा, अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. ज्या देशात जास्त दिवस त्या देशाकडे अर्ज करायचा, दिवस सारखे असतील तर जिथे पहिल्यांदा पाऊल ठेवणार तिथे. क्रूझवाल्यांचा इथेच घोळ होतो. विमान बार्सिलोनाला उतरतं म्हणून सगळे स्पेनचा अर्ज भरतात आणि मोजून बघितलं तर इटलीचे दिवस जास्त निघतात. बोट मध्ये तुर्कस्तानला जाणार असेल तर पुन्हा आत येता येईल असा मल्टिपल एंट्रीचा व्हिसा लागेल, शिवाय तुर्कस्तानचे नियम वेगळे. विमा किमान ३०,००० युरोचा हवा. बोटांचे ठसे द्यायला आम्ही विदर्भ एक्सप्रेसने मुंबईला गेलो. बारा वर्षांखालच्या मुलांचे ठसे घेत नाहीत. पासपोर्टची मुदत परतीनंतर सहा महिने तरी असू द्या. तिकिटं काढताना विदर्भातल्या राज्य मंडळाच्या शाळा उन्हामुळे जूनच्या अखेरीस उघडतात हे धरून जूनचा पहिला पंधरवडा घेतला तर जुलै-ऑगस्टची गर्दी टळते. नागपूरहून पोचायला वाटेत एकदा तरी विमान बदलावं लागतं, त्यामुळे बोटीच्या आदल्या दिवशी, जमलं तर दोन दिवस आधी, बार्सिलोनात असा. तिथल्या साग्रादा फामिलिया या प्रसिद्ध चर्चची तिकिटं ठरावीक वेळेची असतात, घरूनच काढा.

खाण्याच्या बाबतीत मन घट्ट करावं लागतं. युरोपात जाताना दूध-मांस आणि त्यांचे पदार्थ सोबत नेता येत नाहीत, म्हणजे खव्याची संत्रा बर्फी नाही, पेढे नाहीत, घरचं तूप नाही. संत्रीही नाहीत, केळी, नारळ, खजूर अशी मोजकी फळं सोडली तर बाकीच्यांना रोगमुक्तीचा सरकारी दाखला लागतो. कोरडी जवसाची चटणी, तेलातल्या तिखट पुऱ्या, चिवडा, मेतकूट घ्या. बोटीवर किटली, कुकर, इस्त्री चालत नाही, आगीच्या भीतीने काढून घेतात. शाकाहारी किंवा जैन जेवण बुकिंगच्या वेळीच लेखी कळवा. रात्रीच्या जेवणाची लवकरची पाळी घ्या, आणि लांबच्या सहलीच्या दिवशी ती पकडायची धडपड न करता बुफेत जेवा.

महिनाभर आधीपासून चालायची सवय करा. आम्ही अंबाझरीला रोज संध्याकाळी जायचो, नवे बूट तिथेच पायात मुरवले. सासूबाई ट्रॅफिक पार्कला दोन फेऱ्या मारायच्या. बोटीच्या हलण्याने मळमळायचा त्रास होतो का ते आधी कळत नाही, गोळ्या डॉक्टरांना विचारून घ्या. बोटीच्या मधल्या भागातली, खालच्या मजल्यावरची खोली सगळ्यात कमी हलते. चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात, एक ओढणी पुरते. चार्जरला युरोपातली दोन गोल पिनांची जोडणी. समुद्रात फोन विमान मोडवर ठेवा, नाहीतर बोटीच्या नेटवर्कचं बिल डोळे पांढरे करतं. चार-पाच लोहचुंबकही घ्या. खोलीच्या भिंती लोखंडी असतात, त्यावर ते कालनिर्णयचं पान लावता येतं. आमचं पान आठवडाभर पलंगाच्या वर होतं, रोज रात्री थोरला उद्याच्या रकान्यावर बोट ठेवून वेळ वाचून दाखवायचा.

पहिल्या दिवशी बॅगा धक्क्यावरच घेतात आणि त्या संध्याकाळपर्यंत खोलीत येतात. औषधं, पोहायचे कपडे, पासपोर्ट हातातल्या पिशवीत. त्याच दिवशी सुरक्षेची कवायत असते, ती टाळू नका. २०१२ मध्ये इटलीच्या जिल्यो बेटाजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया ही क्रूझची बोट आडवी झाली, ३२ माणसं गेली, आणि त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत तोवर झालेलीच नव्हती. आपली जमायची जागा मुलांना स्वतः चालत जाऊन दाखवा.

शेवटच्या रात्री बॅगा दाराबाहेर ठेवायच्या असतात, त्या सकाळी थेट धक्क्यावर मिळतात. त्याआधी सकाळचे कपडे, दात घासायचं सामान आणि प्रत्येकाचा एक-एक जोड बूट मोजून बाजूला काढा. आमच्या थोरल्याचे बूट बॅगेत गेले होते. तो बार्सिलोनाच्या धक्क्यावर तलावाच्या चपलांत उतरला आणि बॅग सापडेपर्यंत तसाच उभा होता.