शेजाऱ्याच्या कागदात सापडलेला वाडा

अंबाजोगाईतल्या आमच्या आजोळच्या वाड्याचा मूळ कागद हरवलेला होता. मामांकडे होत्या घरपट्टीच्या पावत्या आणि ‘निजामाच्या काळात घेतलाय’ ही ऐकीव गोष्ट. मी तेव्हा इतिहासात एम.ए. करत होते, म्हणून शोधाचं काम माझ्याकडे आलं आणि पुढे तोच माझा व्यवसाय झाला. या कामात नव्याने येणारी मुलं-मुली सुरुवात कुठून करायची हे विचारतात, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

सुरुवात आजच्या कागदापासून करा. मला आधी मोडीतलं, जीर्ण काहीतरी हवं होतं, त्यात दोन महिने वाया गेले. भूमी अभिलेख कार्यालयातून मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) घ्या, मग नगर भूमापनाच्या वेळची चौकशी नोंदवही बघा, म्हणजे मोजणीच्या वेळी कोणाची जागा कशी आली ते लिहिलेली वही, मग दुय्यम निबंधकांकडे सूची क्रमांक दोन, म्हणजे नोंदणी झालेल्या दस्तांचा गोषवारा. गावठाणातल्या घराला सातबारा नसतो. खेड्यात मिळणारा नमुना आठ हा कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नव्हे. आणि गावाची जुनी नावं माहीत असू द्या. अंबाजोगाई निजामी दप्तरात ‘मोमिनाबाद’ म्हणून आहे. ते नाव शोधलं नाहीत तर रिकाम्या हाताने परत याल.

आमचा धागा चौकशी नोंदवहीपाशी तुटला. शेरा एवढाच, ‘वडिलोपार्जित’. तेव्हा कचेरीबाहेर बसणाऱ्या एका म्हाताऱ्या अर्जनवीसांनी वाट दाखवली. म्हणाले, “तुमचा कागद नसंल तर नसू द्या. शेजाऱ्याचा बघा.”

मला या कामात मिळालेली सगळ्यात मोलाची शिकवण हीच. खरेदीखतात चतुःसीमा लिहिलेल्या असतात, पूर्वेस कोणाचं घर, पश्चिमेस कोणाचं, उत्तरेस बोळ की रस्ता. म्हणजे एका घराच्या खतात आजूबाजूच्या घरांचीही साक्ष असते. तुमचा कागद वाळवीने खाल्ला असेल, पण शेजाऱ्याच्या पेटीत तुमचं घर शाबूत असू शकतं.

पूर्वेकडच्या काकूंनी पहिलं काय विचारलं? “कुणाची केस लागलीय का बाई?” हा प्रश्न प्रत्येक घरात येणार. खरं काय ते सांगा, भावाभावांत वाद असेल तर त्यात पडू नका, आणि अस्सल कागद घराबाहेर नेऊ नका. तिथेच उजेडात फोटो घ्या. कागद लॅमिनेट करू नका, असं घरच्यांनाही विनवा. प्लास्टिकखाली वितळून चिकटलेले कागद पाहून माझा जीव तुटलाय. सुती कापडात बांधून ठेवलेले टिकतात.

काकूंच्या लाल फडक्यातून उर्दू बैनामा, म्हणजे खरेदीखत, निघालं. हैदराबाद संस्थानात १८८० च्या दशकात कारभारात फारसीची जागा उर्दूने घेतली, त्यामुळे त्याआधीच्या सनदा फारसीत असतात. घरगुती हिशेब मात्र मोडीत. मोडी तुम्ही स्वतः शिका. पुराभिलेख विभाग त्याचे वर्ग घेतो. उर्दूची घसटी लिपी दोन वेगवेगळ्या जाणकारांकडून वाचून घ्या आणि त्यांच्या कष्टाचे पैसे द्या.

बैनाम्यात पश्चिमेस आमच्या पणजोबांचा वाडा होता, ‘ढेळजेसह पाच खणांचं माळवद’. ढेळज म्हणजे दारालगतची बसायची जागा, खण म्हणजे दोन तुळयांमधला गाळा, माळवद म्हणजे मातीचं सपाट छप्पर. तारीख ८ बहमन १३३९. मी तो हिजरी सन धरला आणि १९२०-२१ लिहून मोकळी झाले. चूक होती. बहमन हा हैदराबादी फसली सनातला, म्हणजे संस्थानाच्या महसुली वर्षातला महिना. हे वर्ष ऑक्टोबरात आझुर महिन्याने सुरू होई. डिसेंबरअखेरपर्यंतच्या तारखेला ५९० मिळवायचे, पुढच्या तारखांना ५९१. म्हणजे हा कागद डिसेंबर १९२९ चा. नऊ वर्षांचा फरक! पुढे मामांच्या माळ्यावर मोडी खतावणी, म्हणजे हिशेबाची वही, मिळाली. तिच्यात शके १८५१, शुक्लनाम संवत्सर या सालात सागवानी तुळया आणि किलचन (तुळयांवर टाकायच्या लाकडी पट्ट्या) आणल्याचा खर्च होता. शके १८५१ म्हणजे १९२९-३०. दोन कागद एकमेकांना भेटले तेव्हा मला रडू आलं.

किंमत वाचतानाही सांभाळा. ‘सिक्के हाली’ म्हणजे निजामी रुपया. सात हाली म्हणजे सहा कलदार, म्हणजे इंग्रजी रुपये. मापं गजात किंवा हातात असतात. कोष्टकाच्या भरवशावर राहू नका. कागदात माप असलेली एखादी भिंत अजून उभी असेल तर ती टेपने मोजा आणि तिथला गज किती इंचांचा ते तिच्यावरूनच काढा.

इमारतीलाही विचारा. आज आमच्या वाड्यात सात खण आहेत. शेवटच्या दोन खणांच्या तुळया बाभळीच्या, दगडही वेगळा. पाच खणांना दोन नंतर जोडले गेले, हे बैनाम्याशिवाय मला कळलंच नसतं. किल्लारीच्या पट्ट्यात ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर अशी पाहणी करायला फार थोडी घरं उरली. तिथे माळवदाच्या मातीखाली माणसं गेलीत. त्या गावांत वाड्यांबद्दल विचारताना आधी माणसांचं ऐकून घ्या, वही नंतर उघडा.

बैनामा पूर्ण वाचून झाला तेव्हा काकूंना सांगायचं एक राहिलं होतं. खरीददार म्हणून त्यांच्या आजेसासूचं नाव होतं, पैसेही त्यांनीच मोजून दिल्याची नोंद होती. घरात सगळे समजत होते की जागा आजेसासऱ्यांनी घेतली. काकूंनी ती ओळ पुन्हा वाचायला लावली. मग फडकं बांधता बांधता म्हणाल्या, “याची एक झेरॉक्स काढ. नातीला देते.”